विमानातलं आपत्कालीन दार: उघडण्याआधी बाहेर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून दिल्लीला जाताना जास्तीचे पैसे भरून तुम्ही आपत्कालीन दाराच्या ओळीतल्या दोन जागा घेतल्या. विमानात बसल्यावर केबिन क्रूनं तुमच्या ७१ वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या वडिलांना तिथून उठवून मागे बसवलं. हे योग्य होतं का? त्या दाराशी बसणाऱ्यानं नेमकं काय करायचं असतं? उडत्या विमानात कुणी ते उघडलं तर? आणि अहमदाबादच्या अपघातानंतर लोक ‘११ए’ नंबरची जागा मागतात, त्यात काही तथ्य आहे का?

केबिन क्रूला सुरक्षेचं प्रशिक्षण देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वडिलांचं. क्रूनं केलं ते बरोबरच केलं आणि त्यात त्यांच्या वयाचा अपमान नव्हता. त्या ओळीत बसणाऱ्याला क्रूच्या सूचना कळल्या पाहिजेत, दार स्वतःच्या ताकदीनं हलवता आलं पाहिजे आणि वेळ आली तर ते करायची त्याची मनापासून तयारी हवी. गरोदर बाई, मांडीवर तान्हं बाळ असलेले आईबाप, लहान मुलं, सीटबेल्टला जोडपट्टा लागणारे, चालायला आधार लागणारे प्रवासी यांना तिथं बसवत नाहीत. वडिलांच्या बाबतीत अडचण गुडघ्याची होती. पैशांचं म्हणाल तर ते त्या कंपनीच्या अटींवर ठरतं, विचारून बघा. जागा निवडताना वेबसाइट एका चौकटीवर टिक करून घेते. त्या चौकटीतल्या मजकुरात ही अट असते, पण पाय पसरायला जागा मिळाल्याच्या आनंदात तो कुणी वाचत नाही.

आता ते दार कसं असतं ते बघू. आपल्याकडची बरीचशी देशांतर्गत उड्डाणं एअरबस ए३२० जातीच्या विमानांनी होतात. त्यांच्या पंखांवर उघडणारं जे दार असतं, तो खरं तर खिडकीसकट भिंतीतून निखळणारा एक तुकडा असतो. त्याला बिजागरी नसते. या प्रकारच्या दारासाठी नियमानं किमान माप साधारण ५१ सेंटीमीटर रुंद आणि ९१ सेंटीमीटर उंच असं ठरलेलं आहे, म्हणजे माणसाला वाकून, आधी एक पाय बाहेर टाकूनच निघावं लागतं. तुकड्याचं वजन साधारण १५ किलो, घरातल्या रिकाम्या गॅस सिलिंडरएवढं. मुठीवरचं झाकण काढायचं, मूठ खाली ओढायची, की तो तुकडा वरच्या बाजूनं आत, थेट तुमच्या अंगावर कलतो. त्या क्षणी दुसरा हात खालच्या पकडीत हवा. मग तो उचलायचा आणि विमानाबाहेर फेकून द्यायचा. मांडीवर घ्यायचा नाही, शेजारच्या सीटवर ठेवायचा नाही, कारण आत राहिला तर तोच वाट अडवतो. प्रशिक्षणाच्या मॉक-अपवर (विमानाच्या हुबेहूब नमुन्यावर) पंचविशीतली धडधाकट मुलंसुद्धा पहिल्या खेपेला इथं गडबडतात. बसलेल्या अवस्थेत, समोरच्या सीटची पाठ छातीशी असताना १५ किलो पेलणं म्हणजे काय, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

बोइंग ७३७ च्या आताच्या विमानांत तंत्र वेगळं आहे. आकासाची विमानं या जातीची आहेत, एअर इंडिया एक्स्प्रेसचीही बरीच. त्यांत पंखावरचं दार वरच्या बाजूला बिजागरीवर असतं. मूठ ओढली की ते स्वतःच बाहेर आणि वर उघडतं. मागच्या महिन्यात ज्या विमानातून गेलात त्याची रीत आजच्या विमानाला लागू पडेलच असं नाही, म्हणून समोरच्या खिशातलं कार्ड दर वेळी बघायचं. अर्धा मिनिट लागतो.

ही सगळी काळजी कुठून आली? २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरहून ब्रिटिश एअरटूर्सचं बोइंग ७३७ कॉर्फूला निघालं होतं. धावपट्टीवर वेग घेत असताना डावं इंजिन फुटलं आणि उडालेल्या तुकड्यानं पंखातली इंधनाची टाकी फोडली. वैमानिकानं विमान नीट थांबवलं. आपटणं नाही, मोडतोड नाही. आत १३७ जण होते आणि त्यांतले ५५ गेले, बहुतेक जण विषारी धुरानं.

उजव्या पंखावरच्या दाराशी बसलेल्या बाईनं घाईत आधी आपल्याच सीटच्या हाताची दांडी ओढली. तिला वाटलं, दाराची मूठ तीच. शेजारणीनं तिच्यावरून वाकून खरी मूठ ओढली, तेव्हा सुमारे २२ किलोचा तो तुकडा आत कोसळला आणि ती सीटमध्येच दाबली गेली. मागच्या ओळीतल्या एका माणसानं तो उचलून रिकाम्या सीटवर टाकला. दार मोकळं होईपर्यंत विमान थांबून सुमारे ४५ सेकंद उलटले होते. त्या दोघींना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आज उड्डाणापूर्वी क्रू तुमच्यापाशी वाकून ‘दार कसं उघडायचं कळलं का?’ असं विचारते आणि तोंडी ‘हो’ म्हणवून घेते, त्यामागे हे ४५ सेकंद आहेत. कृपया फोनमधून मान न काढता ‘हो’ म्हणू नका.

मँचेस्टरनंतर ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हेलन म्यूर यांनी केलेले प्रयोग मला फार मोलाचे वाटतात. त्याआधीच्या चाचण्यांत स्वयंसेवक शिस्तीत, रांगेनं बाहेर पडायचे. म्यूर यांनी सांगितलं, जे आधी बाहेर पडतील त्यांना पाच पौंड जास्त. लगेच दाराशी रेटारेटी सुरू झाली, माणसं सीटवरून उड्या मारायला लागली आणि अरुंद जागेत अडकली. दाराकडे जाणारी वाट किती रुंद हवी, त्या ओळीत सीटमधलं अंतर किती हवं, हे त्यातून आकड्यांत कळलं. तुम्हाला पाय पसरायला मिळालेली जागा तिथून आली आहे. म्हणूनच त्या ओळीत पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत आणि दारासमोरची सीट मागे झुकत नाही.

दुसऱ्या एका आगीचाही यात वाटा आहे. २ जून १९८३ ला एअर कॅनडाच्या विमानात हवेतच आग लागली. ते सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली आणि जेमतेम दीड मिनिटात आतली सगळी हवा पेटली. ४६ पैकी २३ जण वाचले. धूर वर साठतो, छतातले दिवे दिसेनासे होतात. म्हणून वाट दाखवणाऱ्या खुणा जमिनीलगत आणल्या. पायाशी दिसणारी ती पट्टी बऱ्याच विमानांत केबिनच्या उजेडात स्वतः भारली जाते आणि अंधारात चमकते. धुरात खाली वाकून तिच्या मागानं जायचं.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर बघायचं. आग दिसते का? धूर, पाणी, सांडलेलं इंधन, मोडलेलं धातूचं काही? यातलं काहीही दिसलं तर ते दार बंदच ठेवायचं, त्याच्यासमोर उभं राहून लोकांना दुसरीकडे वळवायचं. आगीच्या बाजूचं दार उघडलं तर धूर आणि ज्वाळा केबिनमध्ये येतात आणि एकदा काढलेला तो तुकडा परत बसवता येत नाही. घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप मुठीकडे जातो. तो हात दोन सेकंद थांबवणं, हेच तुमचं खरं काम.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर हे जगानं पाहिलं. जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला, पण मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर आले. त्या विमानाला आठ दारं होती, उघडली फक्त तीन: पुढची दोन आणि मागचं डावं. बाकीच्या दारांबाहेर आग होती किंवा ती वापरण्यासारखी नव्हती, म्हणून क्रूनं ती बंद ठेवली. उद्घोषणेची यंत्रणा बंद पडली होती, मेगाफोन आणि ओरडण्यावर काम चाललं. मागच्या दाराशी असलेल्या क्रूला कॉकपिटशी बोलता येत नव्हतं, तेव्हा तिथला निर्णय तिथल्याच माणसानं घेतला. आठपैकी पाच दारं न उघडण्याचं धैर्य त्या क्रूनं दाखवलं, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

उतरताना आणि उडताना खिडकीची झडप वर ठेवायला सांगतात ती याचसाठी, बाहेर काय आहे ते क्षणात दिसावं म्हणून. रात्री दिवे मंद करतात तेही डोळे अंधाराला सरावलेले असावेत यासाठी. उन्हाचा त्रास होतो म्हणून झडप खाली ओढणाऱ्यांशी क्रू वाद घालते, तेव्हा जरा तिच्या बाजूनं उभे राहा.

हानेडाला आणखी एक गोष्ट घडली. लोकांनी सामान सोडलं. त्याच्या उलट चित्र ३ ऑगस्ट २०१६ ला दुबईत दिसलं. तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं बोइंग ७७७ धावपट्टीवर पोटावर आपटलं आणि पेटलं. आतले ३०० जण वाचले, विझवायला आलेला एक अग्निशमन जवान मात्र गेला. आतल्या मोबाइल चित्रणात लोक डोक्यावरच्या कप्प्यातून बॅगा काढताना दिसतात आणि क्रूचा जीव तोडून ओरडण्याचा आवाज ऐकू येतो. वाऱ्यानं काही स्लाइड, म्हणजे दारातून खाली उतरायच्या फुगणाऱ्या घसरगुंड्या, उलटसुलट झाल्या होत्या, म्हणजे वापरता येण्याजोगी दारं आधीच कमी झालेली. काही मिनिटांत इंधनाची टाकी फुटली.

याचा हिशोब समजून घ्या. ४४ पेक्षा जास्त आसनांच्या विमानाला मान्यता मिळण्यासाठी दाखवून द्यावं लागतं, की अंधारात, निम्मीच दारं वापरून, सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर निघतात. एअरबस ए३८० ची चाचणी २००६ मध्ये हॅम्बुर्गला झाली, तेव्हा १६ पैकी ८ दारांतून ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरली. त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात बॅग नव्हती. स्लाइडच्या एका पट्ट्यावरून दर सेकंदाला साधारण एक माणूस उतरतो. बॅग काढायला पाच सेकंद थांबलात तर मागच्या पाच जणांचे सेकंद तुम्ही घेतलेत. शिवाय बॅगेची चाकं, धारदार कोपरे स्लाइड फाडू शकतात आणि फाटली की ते दार गेलं. पासपोर्ट, फोन, औषधं यांची काळजी असेल तर उडताना-उतरताना ती अंगावरच्या खिशात ठेवा. बूट-चपलाही त्या वेळी पायात असू द्या. उंच टाचेच्या मात्र स्लाइडवर जाण्याआधी काढायच्या.

स्लाइडवर बसून घसरायचं नसतं, उडी मारायची असते. दाराच्या कडेवर बसलेला माणूस मागची सगळी रांग थांबवतो. हात पुढे सरळ किंवा छातीवर, पाय जुळवलेले आणि खाली पोचताच विमानापासून लांब पळायचं. स्लाइड दाराच्या तळाशी घडी घालून ठेवलेली असते. बाटलीतला दाबलेला वायू सुटतो, तो आपल्या झोतानं बाहेरची हवाही आत ओढतो आणि काही सेकंदांत ती फुगून उभी राहते. उड्डाणापूर्वी स्पीकरवर दारं ‘आर्म’ करायची सूचना ऐकू येते, तेव्हा क्रू ही स्लाइड दाराशी जोडून घेते. पंखावरच्या दारातून निघालात तर मागच्या बाजूला जायचं: ए३२० मध्ये तिथं पंखामागे स्लाइड उघडते, ७३७ मध्ये खाली झुकलेल्या फ्लॅपवरून (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांवरून) घसरून उतरायचं असतं.

उडत्या विमानात दार उघडण्याची भीती बाळगू नका. उंचीवर केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस मीटरला पाच टनांहून जास्त असतो. ए३२० च्या पंखावरचं दार उघडण्यासाठी आधी आत ओढावं लागतं आणि तेवढ्या तुकड्यावर तेव्हा अडीच टनांच्या आसपास जोर असतो. माणसाच्या हाताला ते शक्य नाही. धोका असतो तो जमिनीजवळ, दाबातला फरक संपत आल्यावर. २६ मे २०२३ ला दक्षिण कोरियात देगूला उतरणाऱ्या एशियाना एअरलाइन्सच्या ए३२१ मध्ये एका प्रवाशानं जेमतेम २०० मीटरवर दार उघडलं. विमान तसंच उतरलं आणि सगळे वाचले, पण काहींना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हा त्या ओळीत बसलात तर मुठीला हात लावून बघायचा मोह नको, झाकण उचलून फोटो काढणं नको आणि शेजारचा कुणी चाळा करत असेल तर लगेच क्रूला बोलवा.

११ए बद्दल थोडंसंच. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर कोसळलं, विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला आणि तो ११ए वर, दाराजवळ होता. त्यानं स्वतः सांगितलं की मोडतोडीत तयार झालेल्या मोकळ्या जागेतून तो बाहेर पडला. तो वाचला याचा आनंद आहे, पण त्यातून सीट नंबरचा नियम निघत नाही. अनेक ए३२० मध्ये दाराच्या ओळी १२ आणि १३ असतात, ११ ए ही तिथं साधी खिडकीची जागा. उपयोगाचं निरीक्षण वेगळं आहे. ग्रीनिच विद्यापीठातले एड गॅलिया यांनी शेकड्यानं अपघातग्रस्तांच्या हकिकती अभ्यासल्या. त्यांच्या मते दारापासून पाच ओळींच्या आत बसलेल्यांना बाहेर पडायची संधी जास्त असते. म्हणून बसल्यावर पुढचं आणि मागचं, दोन्ही दारांपर्यंतच्या सीटच्या पाठी मोजा. धुरात डोळे चालत नाहीत, हात मोजू शकतात.

मास्क आणि जॅकेटबद्दल लोक सहसा विचारत नाहीत, पण चुका तिथंच होतात. ऑक्सिजन मास्क खाली आला की तो आपल्याकडे जोरात ओढायचा, बऱ्याच विमानांत ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरूच होत नाही. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकलं पाहिजे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीच्या एका विमानाची खिडकी फुटली, तेव्हाच्या फोटोत अनेकांनी फक्त तोंडावर मास्क धरलेला दिसतो. ३५,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय माणसाची शुद्ध अर्धा ते एक मिनिटच टिकते, म्हणून आधी स्वतःला, मग मुलाला. तीन सीटच्या गटात बहुधा चारच मास्क असतात, त्यामुळे तिथं मांडीवरचं बाळ एकच बसवतात.

लाइफ जॅकेट विमानात असताना फुगवायचं नाही, दारातून निघताना फुगवायचं. २३ नोव्हेंबर १९९६ ला इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान आफ्रिकेजवळच्या कोमोरो बेटांपाशी समुद्रात पडलं. ज्यांनी जॅकेट आतच फुगवली होती, ते पाणी भरताच छताला जाऊन चिकटले आणि दारापर्यंत पोचू शकले नाहीत. मुंबईतून पश्चिमेला उडणारी विमानं लगेच समुद्रावर जातात, तेव्हा ‘आम्ही तर नागपूरलाच चाललोय’ म्हणून जॅकेटची सूचना सोडून देऊ नका.

कोल्हापूर, जळगावला येणाऱ्या एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानांचा हिशोब थोडा निराळा. पंख वर असल्यामुळे पंखावरचं दार नाही, पुढच्या भागात खिडकीएवढी आपत्कालीन दारं आणि मागे नेहमीची दारं. विमान जमिनीलगत असल्यानं स्लाइडही नाही, थेट उतरायचं. तिथं पहिल्या ओळीत बसणाऱ्याला वर सांगितलेलं सगळं लागू.

वडिलांसाठी पुढच्या वेळी दाराच्या मागच्या दोन-तीन ओळींतली, कडेची सीट घ्या. बसताना क्रूला गुडघ्याचं सांगा, ती त्यांना वेगळं समजावून सांगेल. तुम्ही त्यांच्या शेजारी बसा, दाराशी नको. वेळ आलीच तर तुमचे डोळे दाराकडे नसतील, त्यांच्याकडे असतील आणि त्या ओळीत तसा माणूस नको. आणि पॉवर बँक वरच्या कप्प्यात न टाकता जवळ ठेवा. २८ जानेवारी २०२५ ला एअर बुसानच्या विमानाला जमिनीवरच वरच्या कप्प्यातून आग लागली आणि तपासात संशय पॉवर बँकवरच आला. जवळ असली तर तापतेय, फुगतेय हे वेळीच कळतं. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, तो चिरडून पेटू शकतो. क्रूला बोलवा, तेच काढतील.